दोऱ्याचे चार गुंडे

मालनबाईंचा डोळा लागतोय. म्हणजे झोपायचं असं काही त्यांनी ठरवलेलं नाही. बाळंतिणीच्या घरात भरदुपारी झोपायला सवड आहे कुणाला? पण लेकीला, सारिकाला, जेवू घातलंय, नातीला ओव्याची धुरी देऊन झालीय, दोघी मायलेकी आतल्या खोलीत गाढ आहेत, आणि बाहेर बार्शीचं ऊन असं तापलंय की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा बांधायला दोरा हवा म्हणून मालनबाईंनी फळीवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली काढला, त्यातले दोऱ्याचे चार गुंडे सतरंजीवर ठेवले आणि जरा पाठ टेकावी म्हणून आडव्या झाल्या. कूलर घरघरतोय. पापण्या मिटताहेत, पण मनातली टोचणी काही मिटत नाही. उद्या बारसं आहे आणि घरात पाळणा नाही.

बरं, नाही तर नाही, गप्प बसावं ना माणसानं! सकाळी विहिणीचा फोन आला. म्हणाल्या, "पाळणा आम्ही आणू का? डेकोरेशनवाला ओळखीचा आहे, फुगेबिगे लावून झकास करून देतो." तर मालनबाई ताडकन म्हणाल्या, "अहो, असं कसं? पहिल्या लेकराचा पाळणा माहेरचाच लागतो. आमचा सागवानी आहे. माझ्या वडिलांनी करून घेतलेला. सारिका त्यातच वाढलीय." बोलून मोकळ्या झाल्या. फोन ठेवला आणि मग जीभ चावली. कारण तो सागवानी पाळणा त्यांनी स्वतः सारिकाच्या लहानपणानंतर डोळ्यांनी पाहिलेला नाही.

सकाळपासून सगळं उचकून झालं. माळा पाहिला, खाटेखाली पाहिलं, मागची पत्र्याची खोली पालथी घातली. पाळणा काही पेटीत मावणारी वस्तू नव्हे. दिसायचा तर दिसलाच असता. "गेला गं तो," शेवटी त्या सारिकाला म्हणाल्या. "तुझ्या आण्णांनी तेव्हाच मोडीत घातला असणार." त्यावर सारिका हसली. म्हणाली, "आई, आण्णा आणि वस्तू टाकतील? तुला तरी खरं वाटतं का?"

आता हे आण्णा कोण, ते सांगायला हवं. निवृत्ती थोरबोले, मालनबाईंचे यजमान. एसटी डेपोच्या स्टोअरमध्ये नोकरी केली, गेल्या दिवाळीनंतर वारले. या माणसानं उभ्या जन्मात एक वस्तू टाकली असेल तर शपथ! दुधाच्या पिशव्या धुऊन तारेवर वाळत. टूथपेस्टची ट्यूब पोट कापून आतून पुसून घ्यायची. ब्रश म्हातारा झाला की आधी कंगवे साफ करायला, मग त्याच्या दांडीच्या भोकातून पायजम्याची नाडी ओवायला. सदऱ्याची कॉलर झिजली की उसवून उलटी लावायची, की सदरा पुन्हा नवा. साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात घालून त्यानं मोरी घासायची. आणि घराला रंग कुठला, तर एकदा स्वस्तात मिळालेला करडा ऑईलपेंट. दारं, फळ्या, खुंट्या, स्टूल, जे सापडेल ते करडं. शेजारणी चिडवायच्या, "मालनबाई, एका जागी फार वेळ बसू नका हं, तुम्हालाही हात फिरवतील!"

पण त्यांचा खरा जीव दोऱ्यात. वाण्याच्या पुड्याचा असो, मिठाईच्या खोक्याचा असो, दोरा घरात आला की गुंड्याला गेलाच. आणि मालनबाईंची गाठ म्हणजे निरगाठ, तीही करकचून. सुरगाठ त्यांना जन्मात जमली नाही. दहादा शिकवली, दहादा बिघडली. मग निवृत्तीराव चष्मा चढवून सुईच्या टोकानं ती निरगाठ सोडवत बसायचे आणि म्हणायचे, "मालन, गाठ अशी मारावी की एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. नाहीतर दोरा वाया जातो आणि माणसाची दुपारही."

अशा माणसानं पाळणा मोडीत घातला, हे मालनबाई इतकी वर्षं मनाशी धरून आहेत, त्याला कारण आहे. सारिकाच्या पाठीवर एक मुलगा झाला होता. बारशाच्या आदल्या दिवशी गेला. नावसुद्धा मिळालं नाही त्याला. पाळणा कडीला टांगून तयार होता, वरचे लाकडी राघू नव्यानं रंगवले होते. मालनबाई दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आल्या, त्यांनी पाळण्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "डोळ्यांपुढनं हलवा तो." दुसऱ्या दिवशी पाळणा तिथं नव्हता. पुढं त्यांनी विचारलं नाही, निवृत्तीरावांनी सांगितलं नाही.

कूलरची घरघर लांब लांब जाते. मग ती कूलरची राहतच नाही, फलाटाला लागलेल्या बसच्या इंजिनाची होते. मालनबाई स्वयंपाकघरात उभ्या आहेत आणि ओट्यासमोर पाटावर निवृत्तीराव बसलेत. हातात कात्री, मांडीवर टूथपेस्टची ट्यूब, अंगात उलट्या कॉलरचा सदरा.

"उठलीस का?" ते मान वर न करता विचारतात.

"झोपलेय मी," मालनबाई म्हणतात. "आणि तुम्ही वारलात."

"ते आहेच. ब्रश आण तुझा. अजून चार दिवस निघतील हिच्यातनं."

खरं तर मालनबाईंना रडू यायला हवं. इतके महिने झाले, एकदासुद्धा स्वप्नात आला नाही हा माणूस. पण येतो तो रागच. "तिकडंही ट्यूबाच कापता का वो?"

"तिकडं कुणाला कशाची कदर नाही गं. चांगल्या चांगल्या वस्तू टाकून देतात लोक. मी वेचून ठेवतो."

"वेचा, वेचा. आधी माझा पाळणा कुठं घातलात ते सांगा. उद्या बारसं आहे आणि मी विहिणीपुढं सागवानी सागवानी म्हणून बसलेय."

"कळलं की मला. तुझं तोंड आणि एसटीचा भोंगा, दोन्ही लांबनं ऐकू येतं."

"चेष्टा पुरे. कुठल्या भंगारवाल्याला दिलात?"

निवृत्तीरावांची कात्री थांबते. या माणसाला आयुष्यात कुणी काही म्हटलं, कवडीचुंबक म्हटलं, चिक्कू म्हटलं, त्यांनी हसून सोडून दिलं. पण आत्ता त्यांचा चेहरा खरंच दुखावलेला दिसतो. "भंगार?" ते म्हणतात. "मी?" आणि गुडघ्यावर हात रेटून उठतात, अगदी जसे उठायचे तसेच. "चल माझ्याबरोबर."

मागच्या दारात दुधाच्या पिशव्या वाळत घातल्यात. तार संपतच नाही. पिशव्यांत वारा भरलाय आणि त्या पांढऱ्या पांढऱ्या फुगून डुलताहेत. निवृत्तीराव एकेकीला चाचपत पुढं चाललेत आणि मागून मालनबाई. चालता चालता पायाखालची फरशी तेलकट होते आणि डेपो येतो. वर पत्रे, समोर रिकामी बस, दार उघडं. स्टोअरच्या रॅकवर मात्र बसचे पार्ट नाहीत. तिथं सारिकाची शाळेतली पाण्याची बाटली आहे, सासूबाईंच्या चष्म्याची एकच काडी आहे, मालनबाईंच्या लग्नातल्या चपलांचा एक अंगठा आहे.

"हे सगळं ठेवलंत तुम्ही?"

"लागतं कधीतरी. चढ बसमध्ये."

बसमध्ये चढलं की आत त्यांचंच स्वयंपाकघर आहे, फक्त खिडक्या एसटीच्या. भिंतीवर करडं लाकडी ताटाळं आणि त्यात ओळीनं ताटं उभी. निवृत्तीराव म्हणतात, "ताटं काढ." मालनबाई ताटं काढून सीटवर ठेवतात. "आता गजांवर हात फिरव. डोळ्यांनी बघू नकोस, रंग फसवतो."

मालनबाई हात फिरवतात. करड्या रंगाखाली प्रत्येक गजाला वळ्या लागतात, कातलेल्या, गोल. एका गजाला मधोमध बारीक बारीक खाचा आहेत. त्या दातांच्या आहेत. सारिकाला दात येत होते तेव्हा ती पाळण्याचा गज चावायची आणि मालनबाई ओरडायच्या.

"अगं बाई!" त्या म्हणतात.

"ही डावी बाजू," निवृत्तीराव म्हणतात. "उजवी माळ्याला कठडा म्हणून लावलीय. गाद्या खाली पडू नयेत म्हणून."

"आणि मी सकाळी त्याच कठड्याला धरून माळा बघितला!"

"बघितलं ना मी. म्हटलं, आता सापडेल. पण तू पाळणा शोधत होतीस, कठडा कशाला बघशील?"

आता निवृत्तीरावांना हुरूप आलाय. पाहुण्याला नवं घर दाखवावं तसे ते पुढं पुढं होतात. मोरीचं दार उघडतात तर आत मालनबाईंच्या माहेरचं अंगण. सुताराचा रंधा नुकताच थांबलाय, लाकडाच्या ताज्या वासाचा भुगा पायाला लागतो, आणि अंगणाच्या मधोमध, अधांतरी, त्यांचा टॉवेल वाळत घातलाय. "ही वरची एक दांडी," ते टॉवेल बाजूला करून सांगतात. "दुसरी पडद्याची. साखळ्या दोन मागच्या दाराला, दोन फाटकाला. रोज रात्री तूच लावतेस."

मालनबाईंना हसू फुटतं. काय माणूस आहे हा! कडी लावता लावता, ताटं मांडता मांडता, टॉवेल झटकता झटकता सगळा जन्म गेला, आणि एकदा म्हणून सांगितलं नाही. हसता हसता त्या थांबतात. "आणि फळी?" त्या विचारतात. "तळाची फळी? जिच्यावर लेकरू निजतं ती?"

आता अंगण नाही, बस नाही. दोघं आपल्या घरात देवापुढं उभे आहेत. निरांजन तेवतंय, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे आपापल्या जागी आहेत. त्यांच्याखाली ती रुंद फळी आहे. घरातलं तेवढंच एक लाकूड त्यांनी रंगवलेलं नाही.

"तिचं काय करावं ते मला सुचेना," निवृत्तीराव म्हणतात. "डबे ठेववेनात तिच्यावर. पुस्तकं ठेववेनात. मग देव ठेवले."

मालनबाई खाली बसतात. आता मात्र रडू येतं, भडभडून येतं, आणि त्या ते थांबवत नाहीत. "रोज पुसते मी ती," त्या म्हणतात. "आंघोळ झाली की पहिलं तेच काम."

"ठाऊकाय मला. म्हणून तर तिथं लावली."

"मला सांगायचंत तरी."

"काय सांगणार? तू म्हणालीस, डोळ्यांपुढनं हलवा. बरोबर होतं तुझं. सबंध पाळणा दिसला असता तर रोज रडली असतीस. आणि टाकू म्हटलं, तर माझा हात धजेना. सारिका झोपलेली त्यात. तो झोपायचा होता त्यात. मग वाटून टाकला घरभर. म्हटलं, थोडा थोडा करून सोसेल."

मग मालनबाई पदरानं डोळे पुसतात आणि विचारतात, "आणि राघू? वरचे राघू कुठं लावलेत?"

"राघू नाहीत," निवृत्तीराव म्हणतात. "राघू त्याच्याबरोबर दिले. मातीत ठेवताना. एवढासा जीव, हातात काहीतरी असावं म्हटलं. तेवढी एकच वस्तू मी घरातनं जाऊ दिली, मालन."

मालनबाई त्यांच्या उलट्या कॉलरकडे बघत राहतात. या माणसावर आपला एवढा जीव आहे, हे तो असताना कधी त्याला म्हटलं होतं का, हे त्यांना आठवत नाही. म्हटलं नसेल तरी त्याला कळलं असेल, असं आत्ता त्यांना अगदी खात्रीनं वाटतं. "भेटतो का वो तो?" त्या विचारतात.

"भेटतो की. राघू अजून आहेत त्याच्याकडं." निवृत्तीरावांच्या आवाजात कौतुक आहे. "जपून वापरलेत पठ्ठ्यानं. रंगसुद्धा उडालेला नाही."

"तुमच्यावर गेलाय."

"मग!"

बाहेर इंजिन पुन्हा घरघरायला लागतं. निवृत्तीराव एकदम कामाचं बोलायला लागतात. सबंध आयुष्यात गाडी सुटायची वेळ झाली की ते असेच करायचे. "हे बघ, नीट ऐक. पाळण्यात खिळा एक नाही. तुझ्या वडिलांचा सुतार कसबी होता. चार कोपऱ्यांना चार पाचरी, त्या ठोकल्या की पाळणा उभा. त्या नसतील तर सगळं लाकूडच."

"आणि त्या कुठं आहेत?"

"दोरा कशावर गुंडाळायचो मी? हवेवर?"

"दोऱ्याच्या गुंड्यात!"

"विसरशील. थांब." ते मालनबाईंच्या पदराचं टोक हातात घेतात, त्यात काहीतरी ठेवतात आणि गाठ मारतात. त्यांची बोटं भराभर चालतात, अंगठ्याजवळचं नख पूर्वीसारखंच काळं आहे. "स्वप्नातलं बोलणं उठल्यावर राहत नाही. वस्तू राहते."

"थांबा की जरा," मालनबाई म्हणतात. "नातीला बघून तरी जा."

"बघितली. नाक माझं आहे. सारिकाला सांग, टोपडी टाकायची नाहीत, पुढच्याला होतील." आणि भोंगा वाजतो, एकदा, दोनदा, लांबलचक.

तो भोंगा नव्हेच. नात रडतेय.

मालनबाई सतरंजीवर उठून बसतात. कूलर घरघरतोय, गालाला सतरंजीचे वळ पडलेत. आतून सारिकाचा आवाज येतो. "आई, जागी आहेस का? सासूबाईंचा फोन येऊन गेला. पाळणा केवढा आहे म्हणतायत. हार किती लांब आणू म्हणून विचारतायत. काय सांगू त्यांना?"

"थांब," मालनबाई म्हणतात. पदर सावरायला जातात तर टोक जड लागतं. पदराला गाठ आहे. नीटस, छोटी. त्या ती उजेडात धरतात आणि एक टोक ओढतात. गाठ सर्रकन सुटते. आत बोटाएवढी सागवानी पाचर आहे, रंग न लावलेली, मधासारखी पिवळी.

त्या सतरंजीवरचे गुंडे उचलतात. पहिला दाबतात, आत टणक काहीतरी लागतं. दुसराही टणक. तिसराही. चौथ्याचा दोरा जसाच्या तसा घट्ट गुंडाळलेला आहे, एक वेढासुद्धा सुटलेला नाही. पण दाबला की तो मऊ लागतो. आत पोकळ आहे.

मालनबाई काही वेळ तो गुंडा हातात धरून बसतात. मग स्वयंपाकघराच्या दारात जातात आणि करड्या ताटाळ्याकडे बघतात. ताटं बाजूला सारून गजांवर हात फिरवतात. दातांच्या खाचा सापडायला वेळ लागत नाही.

"आई, काय सांगू गं?" सारिका लेकीला खांद्यावर घेऊन दारात येते.

"सांग, चांगला लांब हार आणा म्हणावं. सागवानी पाळणा आहे, लहान नाही." मालनबाईंचा आवाज खणखणीत आहे, आता त्यात सकाळची बढाई नाही. "आणि तुझ्या आण्णांचा पेचकस कुठाय बघ. ताटं आजपासून टोपलीत राहतील. देवांना मी पाटावर बसवते, एका बारशापुरते ते काही रागवायचे नाहीत. राघू तेवढे बाजारातनं नवे आणू."

"म्हणजे? पाळणा सापडला? कुठं होता?"

"सांगते. आधी काम."

सारिका आईच्या तोंडाकडे बघत उभी राहते. मालनबाई कामाला लागायच्या आधी एवढंच करतात, की पाचर हरवायला नको म्हणून ती पुन्हा पदरात बांधून टाकतात. बांधतात करकचून. निरगाठ.